मुलांजवळ कोण होतं

टेमघर, भिवंडी
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

नओमीताई,

तुझा पत्ता फ्लोरामावशीने दिला. म्हणजे मी चार वेळा फोन केला तेव्हा दिला, आणि वर म्हणाली, "माझं नाव सांगू नकोस हां तिला." आता सांगून बसले. तिच्यावर चिडू नकोस. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, त्यामुळे कागदाशिवाय रस्ता नव्हता. तक्रार करत नाही, नुसतं कारण सांगतेय.

पप्पांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभ्याने लिहितेय, कॅरमबोर्डावर वही ठेवून. बसलं की चार ओळींनंतर उठावंसं वाटतं. शेडमध्ये आता एकही लूम नाही, शेवटचे दोन गेल्या वर्षी भंगारात गेले. सगळी जागा आपल्या रविवारच्या वर्गाच्या मुलांची आहे. शेजारच्या चाचांचे लूम मात्र चालूच असतात, त्यामुळे 'शेमा'ची प्रार्थना म्हणतानासुद्धा मुलं त्या खटखटीच्या तालावर म्हणतात. सतरा जण येतात. पाच आपल्या भिवंडीची, बाकी कल्याण-ठाण्याची.

आजचा विषय होता, शाळेत आपल्याला काय काय विचारतात. शिओनाच्या बाईंनी तिला विचारलं, ज्यू म्हणजे तुम्ही ख्रिश्चन की मुसलमान? तिने सांगितलं, आम्ही बेने इस्रायल, कित्येक शतकांपासून कोकणातले, तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो. बाई म्हणाल्या, मग घरी मराठीच बोलता? शिओना म्हणाली, "हो बाई, फक्त भांडण हिंदीत." मुलं हसून लोळली. नंतर आम्ही एकाने बाई व्हायचं, एकाने उत्तर द्यायचं, असं करून पाहिलं. अकरा वर्षांची शिओना आठ वर्षांच्या पोरांना शिकवत होती. तू असंच बसवून दिलं होतंस. मोठ्याने लहानाला शिकवायचं, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की मद्रिखा व्हायचं, सहा मुलांची ताई. ते सगळं चालू आहे.

पप्पा बरे आहेत. गुडघा दुखतो. तुझं नाव घेत नाहीत. आईचा फोटो पुसतात तेव्हा त्यातल्या तुझ्यावरूनही फडकं फिरवतात, इतकंच.

मी वडप्याच्या गोडाऊनमध्येच आहे. आता डिस्पॅचची सुपरवायझर.

हे सगळं सांगायला पत्र लिहिलेलं नाही हे तुला कळलंच असेल. आज अदीना आली होती. नौगावकरांची अदीना. साडेतीन वर्षांनी. माझ्या खांद्याला लागते आता. दारावरच्या मेझुझाला हात लावला, ओठांना लावला, आत आली आणि म्हणाली, "यार्देनादीदी, मला चौदा झाली. मला मद्रिखा व्हायचंय."

घरी सांगून आलीस का, विचारलं. "हो," म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

काय करू, असं विचारणार होते. पण तुला विचारायचा हक्क मला आहे का, ते माहीत नाही.

यार्देना


टेमघर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ताई,

आधीचं पत्र मिळालं की नाही कळायला मार्ग नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, इस्रायलच्या टपालाचं काही सांगता येत नाही. तरी लिहितेय. नाही लिहिलं तर घरात येरझाऱ्या घालते, मग पप्पा विचारतात, काय हरवलंय?

अदीना सलग चौथ्या रविवारी आली. तिला एक गोल दिला, सहा लहान मुलांचा. काय छान घेते गं! आवाज चढवत नाही. एकाने दुसऱ्याला ढकललं तर दोघांना समोरासमोर बसवून विचारते, "आता तू सांग, मग तू सांग." हनुक्काच्या सणाची दिवटी करायला चाचांकडून सुताच्या नऊ जुन्या बॉबिन मागून आणल्या तिने, मुलांकडून रंगवून घेतेय.

आज सगळे गेल्यावर झाडू मारताना तिने विचारलं, "दीदी, त्या दिवशी आम्हा मुलांजवळ कोण होतं? मला नीट आठवतच नाही. नओमीदीदी होती ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक शब्द. झाडूचा आवाज चालू होता. ती म्हणाली, "मम्मी पण तेच म्हणते." आणि पुढचा कोपरा झाडायला लागली.

साडेतीन वर्षं मी गप्प होते, त्याला निदान गप्प राहणं म्हणता येत होतं. आज मी खोटं बोलले. त्या मुलीशीच.

तुला जे माहीत आहे तेच पुन्हा लिहिते, कारण मी ते कुठेच लिहिलेलं नाही. मे महिना, अंजूर, चांगदेवकाकांच्या वाडीतलं शिबिर. दुपारी ओहोटी होती म्हणून खाडीच्या कडेला शिंपल्या गोळा करायला नेलं. तू मोठ्या मुलांबरोबर वाडीत नाटक बसवत होतीस. लहान सहा मुलं माझ्याकडे होती. अदीना साडेदहा वर्षांची, बाकीची पाच तर अगदी लहान, आणि मुलांना नंतर कुणी काही विचारलंच नाही. ती एका खेकड्यामागे पुढे गेली, चिखलात मांडीपर्यंत रुतली, आणि भरती सुरू झाली. खेकडे पकडणाऱ्या ठकुबाईने चिखलावर आडवं पडून, सरपटत जाऊन तिला ओढलं तेव्हा पाणी हनुवटीला लागलं होतं. चार दिवस हॉस्पिटल. छातीत पाणी.

आणि मग शेडमधली पालकांची मीटिंग. त्याआधी जिन्यात तू माझा हात धरून म्हणाली होतीस, "तू सांग. मी बाजूला उभी राहते." आत पप्पांनीच विचारलं, मुलांजवळ कोण होतं? तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली फरशीकडे. तू खूप वेळ थांबलीस, आणि मग म्हणालीस, "शिबिराची जबाबदारी माझी होती." पप्पा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, मान खाली घालायला लावलीस माझी.

आता तुला माहीत नसलेलं. मी तिथे नव्हते हे तुला माहीत आहे. का नव्हते, ते तू कधी विचारलं नाहीस. मी बांधाच्या मागे फोनवर होते, तिथेच रेंज होती. वडप्याच्या गोडाऊनमधून फोन आला होता, नोकरीसाठी. दोन-चार प्रश्न विचारले, मग म्हणाले, सोमवारपासून या. अकरा मिनिटं. ती नोकरी मी अजून करतेय, ताई. रोज सकाळी हजेरीचं कार्ड लावते तेव्हा आठवतं. मग ट्रक लागतात, बोंबाबोंब होते, आणि विसरायला होतं.

यार्देना


टेमघर
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल वर्ग सुटल्यावर अंजूरला गेले होते. अदीनाने हट्ट धरलाय की हनुक्कानंतरचं शिबिर तिथेच घ्यायचं, चांगदेवकाकांकडे. "मला ती जागा बघायचीय दीदी. भीती वाटते म्हणूनच." बाकीची मुलंही तिच्या बाजूने झाली. मी म्हटलं, आधी विचारून येते. खरं तर काका नाही म्हणतील अशी आशा होती.

काका कुठले नाही म्हणायला! अर्ध्या वाडीवर आता गोडाऊन उभं राहिलंय, पण आंब्याखालची जागा ठेवलीय. "या की गं पोरींनो. पाण्यावर मात्र न्हाय जायचं, हे मी आताच सांगून ठेवतो." आणि मग, "तुझी बहीण कशी हाय? लय गुणाची पोर."

परत निघणार होते. रिक्षा समोर उभी होती. पण पाय बांधाकडे वळले. तिथे ठकुबाई जाळं झटकत बसली होती. केस सगळे पांढरे झालेत. मला वाटलं ओळखणार नाही. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "फोनवाली ना तू?"

मी मान हलवली.

"आन ती मोठी कुठं हाय?"

"परदेशात."

"बरी हाय ना? लय रडली ती त्या दिशी. माज्या पायावर डोकं ठेवलं तिनं. म्या म्हनलं, ऊठ बाय, तू कशाला." मग जाळ्यातला पाला काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या तुला हाका मारल्या. तीन येळा. तू हात केलास असा." आणि तिने हात हलवून दाखवला. थांब जरा, गप्प बस, म्हणताना करतो तसा.

ताई, हे मी गेल्या पत्रात लिहिलं नाही. लिहिणार होते आणि खोडलं. मला हाका ऐकू आल्या होत्या. मला वाटलं, खेकडे घ्या म्हणतेय. फोनवरचे साहेब विचारत होते, रविवारची ड्युटी चालेल का, आणि मला ते ऐकू येत नव्हतं, म्हणून मी तिला हात केला. सुट्टीच्या दिवशी येईन सर, असं मी म्हणत होते आणि ती बाई एकटी चिखलात शिरत होती.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कोन इचारतो?" ती म्हणाली. "आन पोर जगली. मंग म्या कशाला सांगू? तुझं तू सांग."

तिथून चालतच निघाले. रिक्षावाला मागून "चलना है क्या मॅडम?" ओरडत होता. अर्धा रस्ता चालले, मग दमून दुसरी रिक्षा केली. घरी येऊन दोन बादल्या कपडे धुतले, धुतलेलेच. पप्पा बघत होते.

यार्देना


वडपे, जेवणाची सुट्टी
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

ताई,

पॅकिंगच्या टेबलावर लिहितेय, समोर माझी मैत्रीण पूर्वी डबा खातेय आणि मला म्हणतेय तू पण खा. माझा डबा अजून बंदच आहे.

काल मिरियमकाकू आल्या. अदीनाची मम्मी. मुलं बॉबिनच्या दिवटीला रंग देत होती आणि त्या दारात उभ्या राहिल्या, हातात क्लासची वही. अदीनाने घरी सांगितलेलंच नव्हतं. रविवारी गणिताच्या क्लासला जाते सांगून सात आठवडे आपल्याकडे येत होती. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. मी पुन्हा विचारलं नाही, कारण मला ती यायला हवी होती. तिला हसताना बघितलं की मला आठवडाभर बरं वाटायचं.

काकूंनी तिचा दंड धरला. "चल घरी." मग माझ्याकडे वळल्या, "माझी एकुलती एक पोर आहे. एकदा तुमच्या हातात दिली, तर मेलेली परत मिळणार होती. अजून ती अंघोळीला बादलीत डोकं बुडवत नाही, माहितीये? आणि जिने हे केलं ती तर पळून गेली इस्रायलला!"

पप्पा आतल्या खोलीतून आले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. सगळ्या मुलांसमोर त्यांनी काकूंपुढे हात जोडले. "माझ्या मोठ्या मुलीची चूक होती, मिरियम. मी तिचा बाप आहे. मी माफी मागतो."

ताई, पप्पांना कुणापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेडचं भाडं थकलं तेव्हाही नाही.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.  आणि मी म्हटलं, "काकू, बसा ना, चहा टाकते." आणि आत गेले. आत जाऊन गॅस लावला, पातेलं ठेवलं, त्यात पाणी घालायला विसरले. पातेलं जळायचा वास आला तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं. काकू गेल्या होत्या. अदीनाचा ब्रश रंगाच्या डब्यात तसाच होता.

पुढच्या रविवारी सगळ्या पालकांना बोलावलंय. काकू म्हणतात, हा वर्ग बंद करा, नाहीतर त्या ठाण्याला समाजाच्या लोकांकडे जातील. पप्पा रात्रभर जागे होते. सकाळी म्हणाले, "बंद झालं तर झालं. पण तुला काही बोलू देणार नाही मी. तू एवढी वर्षं सांभाळलंस."

सुट्टी संपली. बेल झाली. 

यार्देना


टेमघर
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

ताई,

सांगितलं.

आधी पप्पांना, रविवारी सकाळी. मीटिंगमध्ये सगळ्यांसोबत त्यांना कळावं असं नको होतं. ते दाढी करत होते. आरशात बघतच त्यांनी सगळं ऐकलं. फोन, नोकरी, ठकुबाईच्या हाका, जिन्यात तू म्हणालीस ते. अर्ध्या गालाला साबण होता, तो वाळला. मग म्हणाले, "एअरपोर्टला मी गेलो नाही. टॅक्सीत बसताना तिने हाक मारली, पप्पा, येते. मी टीव्हीचा आवाज वाढवला." एवढं बोलून त्यांनी तोंड धुतलं. उरलेली दाढी तशीच ठेवली. तशीच घेऊन ते मीटिंगला बसले.

पाच वाजता सगळे जमले. हनुक्काच्या पहिल्या मेणबत्तीचा दिवस होता, त्यामुळे मुलंही होती. मी म्हटलं, मुलं इथेच राहू देत. मिरियमकाकू बोलायला उठल्या, तर मी म्हटलं, "काकू, आधी मी." उभी राहिले आणि कॅरमबोर्डाला धरलं. शेजारचे लूम चालू होते, मला ओरडून बोलावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची! "त्या दिवशी मुलांजवळ मी होते. नओमीताई नव्हती. मी मुलांना सोडून फोनवर गेले. हाका ऐकल्या आणि हात केला." मग अदीनाकडे बघून म्हटलं, "आणि तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले."

अदीना उठून बाहेर गेली.

मग जे व्हायचं ते झालं. कल्याणचे एक काका म्हणाले, एवढी वर्षं हिच्यावर आम्ही मुलं टाकत होतो! दुसरे म्हणाले, आत्ताच बंद करा. कुणीतरी म्हणालं, निदान बोलली तरी, तर त्यांच्या बायकोने त्यांना गप्प केलं. मिरियमकाकू मात्र पप्पांकडे बघत होत्या, त्यांच्या त्या अर्ध्या दाढीकडे.

अदीना परत आली. डोळे लाल, पण आवाज तोच, न चढणारा. फक्त त्या खटखटीत तो ऐकू येईना, म्हणून ती मधोमध येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना जवळ यावं लागलं. "बुडत होते मी," ती म्हणाली. "तर मी पण बोलणार. मम्मी, मी तुझ्याशी खोटं बोलून येत होते, ते चुकलं. पण का येत होते ते ऐक. शाळेत मी एकटीच आहे ज्यू. तिथे मी सगळ्यांसाठी तीच, पाण्यात पडलेली. इथे या लहान मुलांना ते माहीतच नाही. त्यांच्यासाठी मी ताई आहे. हे बंद करू नका." मग माझ्याकडे वळली. "दीदी, तुमच्याशी मला आता बोलायचं नाहीये. पण बंद करू नका."

वर्ग चालू राहील. मिरियमकाकू आणि कल्याणचे ते काका स्वतः येऊन बसणार, प्रत्येक रविवारी. मला मुलांची जबाबदारी नाही. किती दिवस, ते ठरलं नाही. मी विचारलंही नाही. निघताना काकू म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून मी थांबले. पण तुझ्या हातात माझी पोर देणार नाही." मी म्हटलं, "नका देऊ."

मेणबत्ती अदीनाने लावली. मी मागे उभी होते, पालकांच्यात. कुणीतरी सुरुवात केली आणि सगळे गायले.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. उलट आता कुठे बसावं तेच कळत नाही. रविवारी काय करू? पण काल दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तू माझ्यासाठी एवढं केलंस, माझं पाप डोक्यावर घेतलंस. त्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. मागतेय.

यार्देना


टेमघर
रविवार, ४ जानेवारी २०२६

ताई,

हे छोटंसंच. पप्पांनी काल तुझा पत्ता मागितला. मी लिफाफ्यावर लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, "नको, मी लिहीन." इंग्रजी अक्षरं एकेक करून काढली, दोन लिफाफे फुकट गेले. आत काय लिहिलंय मला माहीत नाही. पोस्टात स्वतः गेले, गुडघा घेऊन, रिक्षा न करता.

मिरियमकाकूंनी आज मला निरोप पाठवला, शेड उघडायला आणि पाणी भरायला ये. गेले. मुलं आत होती, मी बाहेर माठाजवळ. शिओना पाणी प्यायला आली आणि विचारलं, "दीदी, तुम्हाला शिक्षा झालीय?" म्हटलं, हो. "किती दिवस?" म्हटलं, माहीत नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग मी दर रविवारी पाणी प्यायला येईन."

अंजूरचं शिबिर होणार आहे, फेब्रुवारीत, झाडांच्या सणाला. मलिदा करणार आहेत आंब्याखाली. ठकुबाईला बोलवायचं अदीनाने ठरवलंय. मी जाणार नाही, पण पोहे आणि नारळ मी आणून देणार.

यार्देना


अश्दोद, इस्रायल
२० जानेवारी २०२६

यार्दू,

तुझी सगळी पत्रं मिळाली. मी एकही उघडलं नव्हतं. पप्पांचं आलं तेव्हा सगळी एकदम वाचली, इथे वृद्धाश्रमातल्या माझ्या ड्युटीत, एका आजींना भरवता भरवता. त्या विचारत होत्या, रडतेस का? म्हटलं, कांदा. इथे कांदा नव्हता.

मला लांबलचक लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून सरळ लिहिते.

तू लिहिलंस, मी तुझं पाप डोक्यावर घेतलं. नाही घेतलं. पाण्याजवळ एका गटाला दोन ताया, हा नियम मीच केला होता. त्या दिवशी दुसरी आली नाही. मी मुलांना खाडीवर पाठवायलाच नको होतं. पण मुलं सकाळपासून नाचत होती आणि मला त्यांना नाही म्हणवलं नाही. एकोणीस वर्षांच्या तुला एकटीला सहा मुलं देऊन मी नाटक बसवत बसले. म्हणून मीटिंगमध्ये म्हटलं, जबाबदारी माझी. ते खरं होतं. तो त्यागाचा हार माझ्या गळ्यात घालू नकोस, मला टोचतो. मिरियमकाकूंना मी हे वेगळं लिहितेय. अदीनालाही. तिने फ्लोरामावशीकडून माझा नंबर काढलाय, दर गुरुवारी फोन करते, मुलांना काय खेळ घ्यायचे विचारायला. हुशार आहे. तुझ्याबद्दल काही बोलत नाही. मीही विचारत नाही. तिला वेळ लागेल, लागू दे.

माझा राग वेगळा आहे. तो अजून आहे. मीटिंगनंतर मी सात आठवडे घरात होते. पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. तुला ते दिसत होतं. एका खोलीत झोपायचो आपण. पालकांना तू काही सांगितलं नसतंस तरी चाललं असतं गं मला. एवढंच म्हणायचं होतंस मला, दिवा मालवल्यावर, "ताई, मी होते." नाही म्हणालीस. नवीन नोकरीच्या गोष्टी सांगायचीस. त्या नोकरीचा फोन तो होता हे आता कळतंय, आणि ते वाचून मी कपाट इतक्या जोरात लावलं की बिजागरी निघाली.

पप्पांनी पत्रात चारच ओळी लिहिल्यात. त्या मी तुला सांगणार नाही.

पेसाखच्या सणाआधी येतेय, मार्चच्या शेवटी, बारा दिवस. एअरपोर्टवर पप्पांना येऊ दे, एकट्यांना. तू घरी थांब. आल्यावर मी झोपेन, जेवेन, आईच्या कबरीवर जाऊन येईन. मग आपण भांडायचं. नीट, सगळं काढून, हिंदीत आणि मराठीत. तुझ्याशी एवढं भांडण्यासारखं दुसरं कुणी मला इथे मिळालं नाही. दोन दिवस तरी लागतील.

गोडाऊनमध्ये आत्ताच रजा टाक.

नओमी